बहिणीची भट्टी

धाकट्या बहिणीवर जळणारा थोरला भाऊ मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलेला नाही. असतीलही, पण बोलत नसतील, जसा मी बोललो नाही. भाऊ-भाऊ वाटणीवरून भांडले तर लोक समजून घेतात. बहिणीचं चांगलं होतंय म्हणून भावाच्या पोटात दुखतं, हे सांगायचं कुणाला?

मी भट्ट्या बसवतो. माळवली स्टेशनवरून भाजे लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं पत्र्याचं वर्कशॉप आहे. लोणावळ्यातले चिक्कीचे कारखाने, खंडाळ्याच्या हॉटेलांची स्वयंपाकघरं, तिथले बर्नर बदलणं, कढई ठेवायचे लोखंडी कठडे बनवणं, धुराडी साफ करणं हे माझं काम. आयटीआय झालो तेव्हापासून तेच करतोय. बोलणं माझ्या अंगात नाही. गिऱ्हाईक सांगतं, मी मान हलवतो आणि कामाला लागतो. आई म्हणायची, ह्याच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागते.

बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. शाळा सुटली की वर्कशॉपात येऊन बसायची आणि सारखी विचारायची, हे असंच का, तसं का नाही. मला सांगता यायचं नाही, मी करून दाखवायचो. पुढे ती बी.एस्सी. झाली, तळेगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली, वडगावात दिली तिला.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एक बर्नर केला होता, डिझेलच्या जुन्या ड्रमचा. मावळात भात उदंड, आणि गिरण्यांच्या मागे तुसाचे ढीग नुसते पडून असतात. हे तूस पेटवलं तर जळत नाही, धुमसत राहतं. पण ड्रमात भरून वरून पेटवलं आणि खालून छोट्या पंख्याने बेताची हवा दिली, तर त्यातून गॅस निघतो आणि तोंडाशी निळसर ज्योतीने जळतो. धूर जवळजवळ नाहीच. मी त्यावर एकदा आख्ख्या आळीला चहा करून पाजला होता. मग कुणीतरी म्हणालं, नव्या शोधांना मदत करायची सरकारी योजना आहे, फॉर्म भर. फॉर्म आणला. नाव, गाव, शिक्षण भरून झालं. पुढे एक मोठा रकाना होता, आपल्या कामात नवीन काय आहे ते आपल्या शब्दांत लिहा म्हणून. त्या रकान्यापुढे मी चार संध्याकाळी बसलो. बहिणीला विचारलं असतं तर तिने तासाभरात लिहून दिलं असतं. नाही विचारलं. फॉर्म गेला नाही, आणि वर्कशॉपमागे ड्रम गंजत राहिला.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी ती घरी आली होती. मागच्या दाराने हात धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. जाऊन बघतो तर ड्रम आडवा करून आत डोकावतेय.

"दादा, मी ह्याची मापं घेऊ?"

घे म्हणालो. गंजक्या भंगाराची मापं घेऊन ही काय करणार, असं वाटलं.

तिने वर्षभरात त्याचं काय केलं ते सांगायला मला अजूनही जड जातं, कारण ते फार चांगलं होतं. ड्रम दुहेरी भिंतीचा केला. पंख्याला बटण बसवलं, ते फिरवलं की आच वाढायची, कमी व्हायची. एक ड्रम विझायच्या आत दुसरा पेटवायचा, म्हणजे कढई थंड पडत नाही. मग नोकरी सोडली आणि पुण्यातल्या एका कॉलेजच्या इनक्युबेटरमध्ये अर्ज केला.

आमच्याकडे इनक्युबेटर म्हणजे पोल्ट्रीतलं अंडी उबवायचं यंत्र. ताईंनी कोंबड्या पाळल्या का, असं गावात दोघा-तिघांनी मला विचारलंही. मग मी समजावून सांगायचो. प्रदूषण न करणाऱ्या इंधनावर काही नवीन करू बघणाऱ्यांना तिथे बसायला जागा मिळते, मशिनं वापरायला मिळतात, जाणकार सल्ला देतात. अनुदानही मिळतं. ते फेडायचं नसतं, पण एकदम हातात येत नाही. पहिला हप्ता नमुना बनवायला. दुसरा हप्ता दहा भट्ट्या बनवायला, पण नमुना खऱ्या कारखान्यात, तज्ज्ञांच्या समितीसमोर चालला तरच. हे सगळं मी थोरल्या भावाला शोभेल अशा आवाजात सांगायचो.

आतली गोष्ट वेगळी होती. तिच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र आलं, ते ती आमच्या घरी आली तरी काढायला विसरायची. मला वाटायचं, मुद्दाम विसरते. पेपरात तिचा बारीकसा फोटो आला. बायकोने तो कापून फ्रिजवर लावला. पाणी प्यायला गेलो की ती तिथून हसायची. एकदा मी तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि बायकोला म्हणालो, वाऱ्याने पडला असेल. स्वयंपाकघरात वारा कुठून येणार, असं म्हणून तिने तो पुन्हा लावला, आता चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी.

तिने माझं नाव दडवलं असतं तर माझं सोपं झालं असतं. पण ती जाईल तिथे सांगायची, मूळ कल्पना दादाची. अर्जातही तसं लिहिलं होतं. भागीदार हो, असं मला दोनदा म्हणाली. मला काय कळतंय त्यातलं, असं म्हणून मी टाळलं. हो म्हटलं असतं तर जळायला काही उरलं नसतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं, असं आता वाटतं.

एकदा ती मला पुण्याला घेऊन गेली. तिथल्या सगळ्यांनी आपापल्या कामाबद्दल मोठ्या पडद्यासमोर उभं राहून बोलायचं होतं. बहुतेक पोरं-पोरी पंचविशीतली. ही चाळिशीची, साडी नेसून उभी राहिली आणि न अडखळता बोलली. शेवटी म्हणाली, माझा भाऊ आयटीआयच शिकलाय, पण त्याच्या हातात जे आहे ते कुठल्या पुस्तकात नाही. टाळ्या वाजल्या. मला उभं राहावं लागलं. कॉलर घामाने भिजली होती. नंतर चहाच्या वेळी एक दाढीवाला मुलगा अगदी अदबीने जवळ आला आणि म्हणाला, "काका, मग तुम्हीच का नाही केलं हे?"

वेळ नाही मिळाला, असं मी सांगितलं. तो मान डोलावून गेला. त्या प्रश्नाने मला किती दिवस पोखरलं, ते त्या बिचाऱ्याला माहीतही नसेल.

समिती यायच्या आधी महिनाभर भट्टी चालवून नोंदी ठेवायच्या होत्या. लोणावळ्याच्या बाजारामागे एक चिक्कीचा कारखाना आहे, तिथल्या भट्ट्या मीच बघतो. माझ्या शब्दावर मालकाने एक कढई दिली. त्या कढईवर आबा होते. चाळीस वर्षं ते गुळाचा पाक करतायत. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी मोडायचा, कट्‌ असा आवाज आला की पाक झाला. तेवढ्या क्षणाला आच उतरवता आली पाहिजे. जास्त झाला तर कडू, कमी पडला तर चिक्की दाताला चिकटते.

पहिल्या दिवशी आबा ड्रमाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ग्यास सोडून तुसावर चिक्की? उद्या गवऱ्यांवर केक कराल."

"केकचं पुढच्या वर्षी बघू, आबा," बहीण म्हणाली. आबांना ती तिथेच आवडली.

श्रावण होता. श्रावणात लोणावळ्यात काडेपेटी पेटत नाही, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. गिरणीतलं तूस पत्र्याखाली असलं आणि बघायला कोरडं दिसलं, तरी आतून हवेतला ओलावा पिऊन बसलेलं असतं. ओलं तूस ड्रमात घातलं की गॅस नाही, नुसता पिवळा धूर. हे मला माझ्या जुन्या ड्रमापासून माहीत होतं. तूस आणायचं काम माझ्याकडे होतं. मी पोती आदल्या दिवशी एका ओळखीच्या बेकरीत नेऊन तिथल्या भट्टीच्या माथ्यावर ठेवायचो. सकाळी मूठभर तूस दाबून बघायचो. मूठ उघडली की कोरडं तूस भुर्रकन सुटतं, ओलं तळव्याला चिकटून राहतं. सुटलं की पोती टेम्पोत.

हे मी बहिणीला सांगितलं नाही. आधी सांगितलं नाही ते माझ्या स्वभावामुळे. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असंच वाटलं. ती वहीत तुसाचं वजन लिहायची, पेटायला लागलेला वेळ, आच किती वेळ टिकली ते लिहायची. आणि दोन-तीन दिवसांनी म्हणायची, "बघ दादा, एवढ्या दमटात पेटतंय." तेव्हा मात्र मी मुद्दाम गप्प राहायला लागलो. पेटतंय ते माझ्यामुळे, असं मनात म्हणायचो आणि बरं वाटायचं. तिच्या त्या सगळ्या कामात माझ्या एकट्याच्या मालकीचं तेवढंच होतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी मी पोती घेऊन बेकरीवरून दोनदा गेलो. एकदा जाताना, एकदा येताना. थांबलो नाही. ठरवून केलं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मनात वाक्य असं काही नव्हतं. पण पाय ब्रेकवर गेला नाही, आणि तो माझाच पाय होता.

समितीत चौघे होते. दोन प्राध्यापक, एक कारखानदार आणि एक हसऱ्या बाई. मालकाने सगळ्यांना चिक्कीची पाकिटं दिली. बहिणीने साडीचा पदर खोचला, वही काढली. आबांनी ड्रम भरायला पोतं ओढलं, आत हात घातला आणि थांबले.

"तूस वलं लागतंय रं," ते मला म्हणाले.

बहिणीने माझ्याकडे बघितलं. "दादा?"

"बरं आहे," मी म्हणालो. "आबांचे हात ओले असतील."

आबांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "माजं हात?" एवढंच म्हणाले आणि ड्रम भरायला लागले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पिवळा धूर आढ्यापर्यंत गेला. पॅकिंगला बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून बाहेर पडल्या. ज्योत आली, विझली, पुन्हा आली. कढईत गूळ अर्धा विरघळला होता. बहिणीने दुसरा ड्रम पेटवला, तिथेही धूर. तिचे डोळे वाहत होते, धुराने की कशाने कळत नव्हतं, पण बटणावरचा हात स्थिर होता. आबांनी तसाच पाक घोटला, पाण्यात थेंब टाकला. तो मोडला नाही, रबरासारखा ताणला गेला. समितीतल्या बाईंनी ती चिक्की खाऊन बघितली आणि दात सोडवत म्हणाल्या, चव छान आहे. एका प्राध्यापकांनी विचारलं, दमट हवेत नेहमी असं होतं का? नाही सर, बहीण म्हणाली, महिनाभर रोज चाललंय. त्यांनी वही चाळली आणि परत दिली. मी पाना हातात धरून तिच्या मागे उभा होतो.

आठवड्याने पत्र आलं. दुसरा हप्ता रोखला होता. दमट हवेत भट्टी भरवशाची नाही, दोन महिन्यांत कारण शोधा आणि पुन्हा दाखवा, नाहीतर प्रकरण बंद.

पहिले काही दिवस मी सुखात होतो. लिहितोय तर हेही लिहायला हवं. जेवण गोड लागत होतं. ती रोज माझ्याकडे येत होती, लहानपणीसारखी शेजारी बसून विचारत होती, पंखा कमी पडला असेल का, हवेची भोकं बारीक झाली असतील का. आम्ही ड्रम खोलला, भोकं मोठी केली, बंद केली, तोंड रुंद केलं. जी चूक माझ्या पोत्यात होती, ती मी तिच्या शेजारी बसून तिच्या ड्रमात शोधत होतो.

एकदा तिने विचारलं, "त्या दिवशी तूस ओलं नव्हतं ना रे?"

नाही म्हणालो. तिने विश्वास ठेवला, आणि तो नुसता माझ्या शब्दावर नाही. तिच्याकडे वही होती. भर श्रावणात महिनाभर तेच तूस पेटलं होतं, म्हणजे ओलाव्याचा प्रश्न नाही, असं तिनेच मला समजावून सांगितलं. मी तूस वाळवत होतो म्हणून खरं कारणच तिच्या यादीतून खोडलं गेलं होतं. मग ऑक्टोबरची उन्हं पडली. तूस आपोआप वाळलं आणि वडगावच्या तिच्या शेडमध्ये भट्टी ढणढण पेटायला लागली. ती आणखीनच गोंधळली. इथं चालतं, मग तिथं का नाही चाललं? ती जेवताना मध्येच थांबायची, असं तिचे यजमान मला म्हणाले. माझं सुख तेव्हाच संपलं, पण तोंड उघडलं नाही.

मुदत संपायला पंधरा दिवस राहिले तेव्हा तिचा फोन आला. जुन्या प्रयोगशाळेतून पुन्हा बोलावणं आलंय, जाते म्हणाली. टेम्पो घेऊन ये आणि ड्रम घेऊन जा.

दुपारी गेलो. तिने दोन्ही ड्रम पुसून, दोरीने बांधून शेडच्या दारात ठेवले होते. वर पंखे वेगळे, कागदात गुंडाळलेले.

"कल्पना तुझी होती," ती म्हणाली. "तुझ्याकडेच राहू दे. तुझ्या हातून होईल कदाचित."

पंधरा वर्षं मला जे हवं होतं, ते ती उचलून माझ्या टेम्पोत ठेवत होती. ड्रमाची एक बाजू तिने धरली, एक मी. अर्ध्या वाटेत मी तो खाली टेकवला.

"तूस ओलं होतं," मी म्हणालो.

"कधी?"

"समिती आली त्या दिवशी. मला माहीत होतं."

तिनेही आपली बाजू खाली टेकवली. मग हळू आवाजात विचारलं, "आणि श्रावणातलं?"

"ते मी वाळवून आणत होतो. रोज. बेकरीच्या भट्टीवर ठेवून."

आता ती का म्हणून विचारेल असं मला वाटलं. तिने विचारलं, "किती तास?"

"दहा-बारा."

ती आत गेली आणि वही घेऊन आली. उभ्या उभ्या पानं उलटली.

"म्हणजे यातलं एकही पान खरं नाही," ती म्हणाली. "तुला वाटतंय तू एक दिवस बुडवलास. तू आख्खा महिना बुडवलास, दादा. चाललं ते दिवससुद्धा."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी एका लबाडीची कबुली द्यायला आलो होतो. जे चांगलं केलं म्हणून मनातल्या मनात मिरवत होतो, ते जास्त वाईट निघालं.

"का केलंस?" तिने शेवटी विचारलं.

"तुझं होत होतं," मी म्हणालो. "माझं झालं नव्हतं."

"मी तुला भागीदार हो म्हणाले होते."

"म्हणून तर."

तिने ड्रमाची दोरी सोडायला घेतली. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, तू टेम्पो घेऊन जा.

तिने इनक्युबेटरला सगळं लिहून कळवलं. महिन्याच्या नोंदी वाळवलेल्या तुसाच्या आहेत, वाळवल्याचं नोंदवलेलं नाही, समितीच्या दिवशी न वाळवलेलं तूस होतं. कुणी केलं ते लिहिलं नाही, तूस पुरवणाऱ्याकडून झालं, एवढंच लिहिलं. हे मला तिच्या यजमानांकडून कळलं. दुसरं कुणी असतं तर आपल्याच नोंदी खोट्या आहेत असं कळवलं नसतं. समितीने प्रकरण बंद केलं नाही, पण पैसेही दिले नाहीत. पुढच्या श्रावणात पुन्हा दाखवा, म्हणाले. ती अर्धा दिवस प्रयोगशाळेत जायला लागली आणि उरलेला वेळ शेडमध्ये. त्या दिवाळीत भाऊबीजेला आली, ओवाळलं, जेवली, बायकोशी गप्पा मारल्या. माझ्याशी ताटातल्या भाजीपुरतं बोलली.

पुढच्या श्रावणात मला कुणी बोलावलं नाही. समिती येऊन गेल्यावर चार दिवसांनी मी त्या कारखान्यात धुराडं साफ करायला गेलो तेव्हा आबा भेटले. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

"पेटलं. लय झ्याक पेटलं. ड्रमाच्या भवती जाळीचं कडं केलंय तिनं, पुढचं तूस त्यातच वाळतंय, ड्रमाच्याच गरमीवर. आन मुद्दाम वलं तूस घेऊन आल्ती. म्हनली, आबा, हात घालून बघा, वलं हाय का न्हाई ते सगळ्यांम्होरं सांगा." मग म्हणाले, "सांगितलं मी."

दुसरा हप्ता मंजूर झाला. ऐकल्यावर आधी पोटात तीच जुनी कळ आली, खोटं कशाला लिहू. मग बरं वाटलं. दोन्हींत मिनिटभराचं अंतर होतं. पूर्वी दुसरं येतच नव्हतं, एवढाच फरक.

गेल्या महिन्यात तिने माणसाबरोबर एक नकाशा पाठवला. दहा भट्ट्यांचे कढई ठेवायचे कठडे करून हवे होते, बाजारभावाने. नकाशात प्रत्येक माप लिहिलेलं, सळई किती जाडीची तेसुद्धा. माझ्या अंदाजावर काहीच सोडलेलं नव्हतं. मी काम सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की कठड्याची उंची कमी पडतेय. कढई ज्योतीवर बसेल आणि ज्योत कोंडेल. दोन बोटं वाढवायला हवी होती. नकाशाप्रमाणे केलं असतं तर मला कुणी दोष दिला नसता.

फोन लावला. तिने उचलू नये असंही वाटत होतं. तिने उचलला.

"बोल," ती म्हणाली.

मी उंचीचं सांगितलं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"किती वाढवायची?" तिने विचारलं.

"दोन बोटं."

"बोटं नको. मिलिमीटरमध्ये सांग."

मी पट्टी घेऊन मोजलं आणि सांगितलं. तिने आकडा परत म्हणून दाखवला, बरोबर का विचारलं. बरोबर म्हणालो. मग तिने फोन ठेवला आणि मी पहिला कठडा तोडायला घेतला.